सरावखोलीतल्या बाहुलीचा होकार

मी एक जुनी बाहुली आहे, मित्रांनो. पण मला कुणी कडेवर घेऊन खेळवले असेल, असे समजू नका. मी पूर्ण वाढलेल्या बाईएवढी आहे. माझे सारे आयुष्य एका लोखंडी खाटेवर पाठ टेकून गेले. नर्स होऊ पाहणाऱ्या मुली खऱ्या माणसाला हात लावण्याआधी ज्या खोट्या माणसावर हात बसवून घेतात, ते खोटे माणूस म्हणजे मी. माझी गोष्ट तुम्हाला सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला अजून खात्री नाही. ती फारशी आनंदाची नाही. तरी सांगते. न आवडली तर मिटून ठेवा, मला राग येणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. धड एका साच्यातून निघाले, हातपाय दुसऱ्या साच्यातून आणि डोके तिसऱ्या. कातडी जाड रबराची, आत स्पंज. डाव्या हातात एक बारीक नळी बसवली होती. तीत लाल पाणी भरले की सुई टोचणाऱ्याला शीर सापडल्याचा आनंद व्हायचा. तोंड रंगवणाऱ्या बाईने माझे ओठ किंचित उघडे ठेवले. त्यामुळे मी आता काहीतरी बोलणार, असे बघणाऱ्याला नेहमी वाटते. मी कधीच काही बोलले नाही.

मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या अंगाला नर्सिंगची शाळा होती. तिथे मी तीन खोक्यांतून आले. भांडारातल्या माणसाने मला जोडले, पण घाईत उजवा हात डावीकडे आणि डावा उजवीकडे लावला.

शिकवणाऱ्या बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अहो, हिचे अंगठे असे बाहेरच्या बाजूला कसे?"

"पेशंट आहे ना बाई," तो स्क्रू आवळत म्हणाला, "काहीतरी दुखणं असणारच."

बाई हसल्या आणि त्यांनी त्याला माझे हात काढून पुन्हा नीट लावायला सांगितले. त्या बाई तेव्हा तरुण होत्या. मुलींनी मला पहिल्याच आठवड्यात आत्याबाई हे नाव दिले आणि तेच चिकटले.

माझी कामाची वर्षे मानाची होती. मुली मला कूस बदलून द्यायच्या, कारण पाठीवरच पडून राहिलेल्या माणसाची कातडी माकडहाडापाशी आधी लाल होते आणि मग फाटते. माझ्या नाकातून नळी घालायच्या आणि ती पोटात गेली की श्वासनलिकेत, याची खात्री झाल्याशिवाय तीतून काही द्यायचे नाही, हे घोकायच्या. मला बसते करून भरवायच्या, कारण आडव्या माणसाला भरवले तर घास चुकीच्या वाटेने जातो. लाल पाण्याची पिशवी टांगून मला रक्त चढवायच्या. मी ठसकले नाही, ओरडले नाही, चादर ओली केली नाही. "अशी गुणी पेशंट वॉर्डात मिळायची नाही," असे बाई म्हणायच्या. मला ते कौतुक वाटायचे. आज ते वाक्य आठवले की मला बरे वाटत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती दिसायला फार लहान आहे.

कोणत्याही रुग्णाला औषध किंवा रक्त देण्याआधी त्याची ओळख पटवायची असते. त्यासाठी "तुम्ही अमुक ना?" असे विचारायचे नसते. "तुमचं पूर्ण नाव सांगा," असे म्हणायचे आणि गप्प राहायचे. नाव रुग्णाच्या तोंडून यावे लागते. मग मनगटावरची नावाची पट्टी वाचायची आणि ती हातातल्या कागदाशी ताडायची. आजारी माणूस थकलेला असतो, घाबरलेला असतो, कधी त्याला ऐकू कमी येते. "तुम्ही अमुक ना?" म्हटले की तो मान डोलावतो. त्याला वाटते, हो म्हटले की ही मंडळी लवकर जातील.

हे बाईंनी नीट शिकवले होते. पण मी बोलणार कशी? म्हणून मुलींनी एक पद्धत पाडली. मुलगी माझ्यावर वाकून विचारायची, "बाई, तुमचं पूर्ण नाव सांगा." मग तीच नाकातून बारीक, कापरा आवाज काढून माझ्या वतीने उत्तर द्यायची. त्या आवाजावर वर्गात हशा पिकायचा. एखादी तर मला खोकवायचीही.

पुढे मुली वाढल्या. एका तुकडीच्या दोन झाल्या, खाट एकच आणि बाहुली एकच. परवान्याच्या परीक्षेआधी दाराबाहेर रांग लागायची आणि बाई घड्याळाकडे बघत म्हणायच्या, "चला, आटपा, पुढचीला येऊ दे." तेव्हा तो प्रश्न आखडत गेला. पूर्ण नावाचे नुसते नाव झाले, नावाचे "आत्याबाई ना तुम्ही?" झाले, आणि उत्तर म्हणून तोच बारीक आवाज एकच अक्षर काढू लागला: "हो." माझ्या मनगटावरची पट्टी एकदा तुटली, ती कुणी पुन्हा लावली नाही. परीक्षक वहीत खूण करायचे, 'ओळख पटवली', आणि पुढे बघायचे. कुणी मुद्दाम काही केले नाही. सगळेच दमलेले होते.

अशा एका तुकडीत मुंगी आली. ती चणीने लहान आणि सदा कामात, म्हणून तिला मुंगी म्हणत. तिचे हात मी विसरणार नाही. सुई लावताना ती आधी तळवा माझ्या दंडावर थोडा वेळ ठेवायची, जणू रबराला धीर देते आहे. तिची मैत्रीण अगदी उलट, आवाज खणखणीत. तिला सगळे भोंगा म्हणायचे. दोघी सकाळी वर्ग भरायच्या आधी येऊन परीक्षेची तयारी करायच्या. भोंगा माझ्या पायथ्याशी बसून प्रश्न विचारायची.

"आत्याबाईंना रक्त सुरू केलं. त्या म्हणाल्या, थंडी वाजते. काय करशील?"

"रक्त बंद करीन."

"अगं, म्हातारी कुडकुडतेय! पांघरूण नाही देणार? दगड आहेस नुसती."

"आधी रक्त बंद. मग नळी बदलून नव्या नळीतून सलाईन, म्हणजे शीर उघडी राहील. डॉक्टरांना हाक मारायची, पण खाट सोडायची नाही. मग पांघरूण."

"आणि कंबर दुखते म्हणाल्या तर?"

"तरी रक्त बंद."

"आणि म्हणाल्या, मला तुझी मैत्रीण फार आवडते, तर?"

"मग डॉक्टरांना आधी बोलवीन. पेशंटला भ्रम झालाय."

दोघी हसून माझ्या अंगावर पडल्या. मुंगीच्या घरी आई एकटी होती आणि दुसऱ्यांचे कपडे शिवून तिने मुलीला इथवर आणले होते. परवाना मिळाला की मशीन बंद करायला लावीन, असे मुंगी म्हणायची. भोंगा म्हणायची, "तुझी आई मशीन बंद करेल आणि तुझ्या गणवेशाला काजं करत बसेल."

परीक्षा तोंडावर आलेली असताना ते घडले. मी तिथे नव्हते. मी कुठेच जात नाही. पण नंतर माझ्याच खोलीत सगळे इतक्या वेळा बोलले गेले की मी ते पाहिल्यासारखे सांगू शकते.

मुंगीची ड्युटी बायकांच्या वॉर्डात होती. तिथे एका बाईंचे ऑपरेशन व्हायचे होते आणि त्यांना रक्त द्यायचे होते. त्यांची खाट खिडकीशी होती. सकाळी त्यांनी कुरकुर केली की वारा लागतो, म्हणून वॉर्डात काम करणाऱ्या मावशींनी त्यांना शेजारच्या खाटेवर हलवले आणि शेजारच्या म्हाताऱ्या आजींना खिडकीशी नेले. आजींना रक्ताची गरजच नव्हती. त्यांचा ताप उतरला होता आणि त्या घरी जायच्या तयारीत होत्या.

पिशवी आली. ती दोघींनी खाटेजवळ उभे राहून ताडायची असते. स्टाफ सिस्टरांनी ती आपल्या टेबलापाशीच ताडली. पिशवीवरचे नाव आणि कागदावरचे नाव जुळले, गट जुळला. "बरोबर आहे, खिडकीची खाट, लाव तू," असे म्हणून त्या दुसऱ्या हाकेला धावल्या. मुंगी पिशवी घेऊन खिडकीशी गेली. नाडी मोजली, ताप बघितला, ब्लड प्रेशर घेतले. सगळे लिहिले. मग वाकून, शेजारच्या बाईंचे नाव घेऊन तिने विचारले, "तुम्हीच ना त्या?"

आजी म्हणाल्या, "हो."

मनगटावरची पट्टी स्वेटरच्या लांब बाहीखाली होती. बाही वर सारायला किती वेळ लागतो, मित्रांनो? पण मुंगी ज्या खाटेवर शिकली, तिथे बाही नव्हती आणि पट्टीही नव्हती.

नंतरचे तिने सारे बरोबर केले. पिशवी हळू थेंबांवर ठेवली आणि खाट सोडली नाही. आजी कुडकुडू लागल्या. "पोरी, कंबर धरली गं," म्हणाल्या. त्याच क्षणी मुंगीने रक्त बंद केले, नळी बदलली, सलाईन लावले, डॉक्टरांना हाक मारली. इतक्या चपळाईने एरवी कुणी केले नसते, असे डॉक्टरही म्हणाले. पण चुकीच्या गटाचे थोडे रक्तही पुष्कळ होते, आणि शरीर म्हातारे. लघवी काळपट झाली, मग थांबली. किडन्या गेल्या. काही दिवसांनी आजी गेल्या.

चौकशी माझ्या खोलीत झाली. मेट्रन आल्या, एक वयस्क डॉक्टर आले, स्टाफ सिस्टर आल्या, आमच्या बाई आल्या. आजींची मुलगी आली. तिला बाहेर बसायला सांगितले होते, पण ती म्हणाली, "माझी आई गेलीय. मी बाहेर काय करू?" तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

मेट्रन मुंगीला म्हणाल्या, "त्या दिवशी जे केलंस, ते जसंच्या तसं करून दाखव. काही वगळू नकोस."

मुंगी माझ्याजवळ आली. तिने लाल पाण्याची पिशवी हातात घेतली. तळवा माझ्या दंडावर ठेवला, नाडी मोजली, ताप बघितला. मग वाकून, शेजारच्या बाईंचे नाव घेऊन ती म्हणाली, "तुम्हीच ना त्या?"

आणि माझ्याकडे बघतच, नाकातून बारीक, कापरा आवाज काढून तिनेच उत्तर दिले: "हो."

तिला कळलेच नाही. ती पुढे नळीला हात घालणार, तेवढ्यात सगळे थिजलेले पाहून थांबली.

आजींची मुलगी खाटेजवळ आली. "हा आवाज कुणाचा काढलास?"

मुंगीने पिशवी खाली ठेवली. "पेशंटचा."

"माझी आई तुझ्यासमोर होती. तिला स्वतःचा आवाज होता." तिने पदराने तोंड पुसले. "तिला ऐकू यायचं नाही. काहीही विचारा, हो म्हणायची. भाजीवाला विचारायचा, दोन किलो देऊ? हो. आम्ही घरी हसायचो तिला. मी औषधं आणायला खाली गेले होते हो. असते तर सांगितलं असतं."

स्टाफ सिस्टर भिंतीकडे बघत म्हणाल्या, "चूक माझीही आहे. मी खाटेपाशी यायला हवं होतं."

आमच्या बाई आता तरुण नव्हत्या. त्या खाटेची कड धरून उभ्या होत्या. "मॅडम," त्या मेट्रनना म्हणाल्या, "तो 'हो' मी शिकवलाय. म्हणजे मी थांबवला नाही. वर्षानुवर्षं ऐकला आणि मार्क दिले."

"ते लिहून द्याल?" मेट्रननी विचारले.

"देईन."

त्यांनी लिहून दिले. तरी मुंगीचे नाव त्या वर्षीच्या परीक्षेतून काढले गेले. पुढे तिला बसू द्यायचे की नाही, ते परवाना देणारे नर्सिंग कौन्सिल ठरवणार होते. स्टाफ सिस्टरांची बदली झाली. भोंगा परीक्षेला बसली, पास झाली, पण मुंगीला पेढा द्यायचे धैर्य तिला झाले नाही. खोलीच्या दारातून मुंगीकडे पाहून ती रडत निघून गेली. मुंगीच्या आईची शिवणाची मशीन चालूच राहिली.

मग बाईंनी एक केले. ओळख पटवायच्या धड्यासाठी त्यांनी मला खाटेवरून उतरवले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवले. माझ्या जागी जिवंत माणूस हवे होते. मुंगी म्हणाली, "मी झोपते."

बाई म्हणाल्या, "तुला झेपेल?"

"नाही झेपलं तर सांगेन."

त्या वर्षभर ती माझ्या खाटेवर रुग्ण होऊन निजली. लांब बाह्यांचा स्वेटर घालायची आणि बाहीखाली मनगटावर पट्टी बांधायची. खालच्या वर्गातल्या मुली येऊन चुकीचे नाव घेऊन विचारायच्या, "तुम्हीच ना?" आणि ती म्हणायची, "हो." मुलगी सुई उचलायची. बाई म्हणायच्या, "थांब. मारलंस तिला. पुन्हा पहिल्यापासून." सुरुवातीला मुली फणकारायच्या. एक म्हणाली, "हो म्हणाली की ती! खोटं बोलली!" बाई म्हणाल्या, "ती खोटं नाही बोलली. तिला ऐकू नाही आलं."

कधी मुंगी मान फिरवायची, कधी नुसती कण्हायची. आणि कुणी नीट विचारले, "तुमचं पूर्ण नाव सांगा," आणि गप्प राहिले, तर ती थोडा वेळ छताकडे बघायची आणि मग एक नाव सांगायची, पहिले, मधले आणि आडनाव. ते तिचे नव्हते. ते त्या आजींचे नाव होते. मुलींना ते माहीत नव्हते. बाईंना पहिल्याच दिवशी कळले. त्यांनी खिडकीकडे तोंड केले. मी ते नाव इथे सांगत नाही. ते सांगायचा मला काय अधिकार?

वर्ष संपत आले तेव्हा आजींची मुलगी पुन्हा आली. कौन्सिलने तिचे म्हणणे मागवले होते: या मुलीला परीक्षेला बसू द्यायला तुमची हरकत आहे का? मेट्रननी तिला सरळ माझ्या खोलीपाशी आणले. धडा चालू होता. ती दारात उभी राहिली. मुंगीचे डोळे मिटलेले होते, तिने तिला पाहिले नाही.

एका नव्या मुलीने विचारले, "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगाल का?" आणि ती थांबली. बराच वेळ थांबली. तिने दुसरे काही विचारले नाही की नाव सुचवले नाही.

मुंगीने नाव सांगितले.

दारातल्या बाईने चौकट धरली. मुलीने स्वेटरची बाही वर सारून पट्टी वाचली, कागदाशी ताडली, आणि म्हणाली, "हे रक्त यांचं नाही. मी लावणार नाही."

तेव्हा आजींची मुलगी आत आली. मुंगी दचकून उठून बसली. मला वाटले, आता ही तिला जवळ घेईल. गोष्टींत तसे होते. तसे झाले नाही.

"मधलं नाव चुकीचं घेतेस," ती म्हणाली. "कागदावर होतं ते तिच्या वडिलांचं. आई आजोबांच्या नावाने ओळख नाही सांगायची. नवऱ्याचं सांगायची." मग तिने ते कसे म्हणायचे ते सांगितले. मुंगीने ते तिच्यामागून म्हटले. तिने पुन्हा म्हणायला लावले.

जाताना ती मेट्रनना म्हणाली, "परीक्षेला बसू दे तिला. मी तसं लिहून देते. पण माझ्या घरचं कुणी इथे आलं, तर हिला त्या खाटेजवळ पाठवू नका. मला नाही सहन होणार."

"नाही पाठवणार," मेट्रन म्हणाल्या.

मुंगी परीक्षेला बसली आणि पास झाली. त्या दिवशी कुणी हसले नाही, पण बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती आता बायकांच्या वॉर्डातच काम करते. मुली सांगतात की तिचे काम फार सावकाश, असे सगळे म्हणतात. तिच्यामुळे औषधांची फेरी लांबते आणि लोक वैतागतात. ती ऐकून घेते आणि पुढच्या खाटेपाशी जाऊन पुन्हा थांबते.

मी कोपऱ्यात आहे. माझ्या खांद्याचे रबर फाटून स्पंज बाहेर आला आहे आणि एका बाजूचा डोळा मिटत नाही. कूस बदलायला, भरवायला, सुई टोचायला अजून मला घेतात. नाव विचारायला मात्र कुणी येत नाही, आणि ते बरे आहे. माझी तक्रार नाही.

मित्रांनो, मला उपदेश करता येत नाही. रबराच्या बाईने काय सांगावे! पण तुमच्या घरचे कुणी आजारी पडले आणि नर्सने पुन्हा पुन्हा नाव विचारले, तर तिच्यावर चिडू नका. ती तुमच्या माणसाला शोधते आहे. आणि तुमच्यातले कुणी मोठेपणी कुणाच्या उशाशी उभे राहणार असेल, तर प्रश्न विचारून झाल्यावर त्याचे उत्तर आपणच देऊ नका. माझ्यासारखीकडून उत्तर कधीच यायचे नाही. माणसाकडून येते. त्याला फक्त थोडा उशीर लागतो.